बरणीतला कोको

१९५०च्या दशकात अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या सॅना कुटुंबापुढे एक पेच उभा राहिला. त्यांचा दुधाची पावडर बनवण्याचा कारखाना होता आणि कोरियाच्या युद्धात लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांना कॉफीत घालायची दुधाळ पावडर पुरवण्याचं कंत्राट त्यांच्याकडे होतं. माल ऐनवेळी कमी पडू नये म्हणून तो जास्तच बनवला जाई. त्यातला बराच उरला, आणि दुधाची पावडर काही वर्षानुवर्षं टिकत नाही. घरातला मुलगा चार्ल्स सॅना हा मेकॅनिकल इंजिनिअर. त्यांनी ती पावडर स्वतःच्या घरच्या ओट्यावर आणली, तिच्यात कोको आणि साखर वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून पाहिली आणि चव बघायला आपल्या मुलांना बसवलं. त्यातून असं मिश्रण हाती आलं की त्यावर गरम पाणी ओतलं, चमचा फिरवला, की कोको तयार. आधी ते विमान कंपन्यांना विकलं गेलं. प्रवाशांना ते इतकं आवडलं की ते पुड्या खिशात टाकून घरी नेऊ लागले. मग ‘स्विस मिस’ या नावाने ते किराणा दुकानांत आलं आणि अमेरिकेच्या हिवाळ्याचा भाग होऊन गेलं. चार्ल्स सॅना २०१९ साली, वयाच्या १०१व्या वर्षी वारले.

विस्कॉन्सिनचा हिवाळा म्हणजे आपली डिसेंबरातली गुलाबी थंडी नव्हे. तिथे तळी इतकी गोठतात की लोक त्यावर तंबू ठोकून, बर्फाला भोक पाडून मासे धरतात. अशा दिवसांत बाहेरून आलेल्या पोराच्या हातात दोन मिनिटांत काहीतरी गरम द्यायचं, तर पातेल्यात दूध तापत ठेवायला सवड कुणाला? सॅनांनी दुधाचं पातेलं या कृतीतून काढूनच टाकलं, आणि त्याच युक्तीला यश मिळालं.

गंमत पुढे आहे. घरच्या ओट्यावर जन्मलेलं हे मिश्रण कारखान्यात गेलं आणि तिथून पुन्हा घरच्या ओट्यावर परत आलं. अमेरिकेतल्या गृहिणी दुधाच्या पावडरीचा मोठा खोका, कोको, पिठीसाखर आणि कॉफी क्रीमरचा डबा एकत्र करून हिवाळ्याच्या तोंडावर मोठमोठ्या बरण्या भरू लागल्या. शेजारणीला, शाळेतल्या बाईंना, टपाल आणणाऱ्याला नाताळची भेट म्हणून काचेच्या बरणीत असं मिश्रण आणि वर रिबिनीला बांधलेली कृतीची चिठ्ठी, ही तिथली रूढ पद्धत आहे. शिकागो-मिनिआपोलिसकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतल्या मुलांनाही बर्फात खेळून आल्यावर हेच हवं असतं. पुण्या-नाशकात वाढलेली त्यांची आजी हिवाळ्यात तिकडे गेली की तिलाही ही बरणी ओळखीची होते.

ही बरणी घरी का भरायची, याचं उत्तर तयार पाकिटाच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं. अमेरिकेत काय आणि भारतात काय, घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. बाजारातल्या बहुतेक तयार मिश्रणांवर पहिलं नाव साखरेचं असतं. कोको मागे कुठेतरी तिसऱ्या-चौथ्या जागी सापडतो. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमावलीनुसार साखर घातलेल्या पावडरीला ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ म्हणायचं असेल तर तिच्यात किमान २५ टक्के कोको पावडर असावी लागते. म्हणजे उरलेलं पाऊण साखर असली तरी नियम पाळला गेला! आपल्याकडे एप्रिल २०२४मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सूचना दिली की बोर्नव्हिटासारखी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली दाखवू नयेत. त्या वेळी घरोघरी डबे उलटे करून साखरेचा आकडा वाचला गेला. तो आकडा आपल्या हातात ठेवायचा असेल, तर मिश्रण घरी करणं हा सरळ मार्ग आहे. त्यात आणखी एक लाभ आहे, आणि तो आरोग्यापेक्षाही मोलाचा वाटावा असा: कोकोची चव कोकोसारखी लागते.

स्वस्त घटकांनी कोको पातळ करण्याची खोड जुनीच आहे. मुळात कोकोच्या बियांत निम्म्याहून थोडी जास्त चरबी असते. बिया भाजून, वाटून केलेला लगदा गरम पाण्यात कालवला की ही चरबी तवंग होऊन वर येते. युरोपात अनेक पिढ्या हा तेलकट तवंग मुरवण्यासाठी कोकोत पिठं, साबुदाणा, बटाट्याचा स्टार्च मिसळला जात होता. बर्मिंगहॅमचे जॉर्ज कॅडबरी यांनी पुढे स्वतःच मान्य केलं होतं की त्यांच्या घराण्याच्या सुरुवातीच्या पेयात कोको जेमतेम एक पंचमांश होता आणि बाकी सारा स्टार्च, पीठ आणि काकवी.

तवंगाचा हा प्रश्न हॉलंडमध्ये सुटला. १८२८ साली ॲम्स्टरडॅमच्या व्हान हाउटेन घराण्याने कोकोच्या लगद्यातली चरबी दाबून काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. निम्म्याहून जास्त असलेली चरबी पाव हिश्श्याच्या आसपास उतरली. मागे राहिलेली कोरडी पेंड दळली की आज आपण जिला कोको पावडर म्हणतो ती मिळू लागली. कोनराड व्हान हाउटेन यांनी आणखी एक गोष्ट केली: कोकोवर अल्कली क्षारांची प्रक्रिया केली. त्याने कोकोचा आंबूस तुरटपणा गेला, रंग गडद झाला आणि पावडर पाण्यात अधिक सहज मिसळू लागली. १८६६ साली कॅडबरी बंधूंनी हेच डच यंत्र आणून पीठ न मिसळलेला कोको बाजारात आणला. इंग्लंडात त्या काळी अन्नातल्या भेसळीविरुद्ध मोठी चळवळ चालू होती, कायदे होत होते. शुद्ध कोको अगदी योग्य वेळी आला आणि बुडीत चाललेला धंदा सावरला.

आज दुकानात मिळणाऱ्या कोको पावडरीचे दोन प्रकार याच इतिहासातून आले आहेत. एक नैसर्गिक: फिकट तपकिरी, थोडी आंबट, फळासारख्या वासाची. दुसरी अल्कली-प्रक्रिया केलेली, म्हणजेच डच पद्धतीची: गडद, कधी काळसर, चवीला गोलाई असलेली. घटकांच्या यादीत ‘अल्कली’, ‘आम्लता नियामक’ किंवा त्याचा क्रमांक दिसला की ती दुसरी. पेयासाठी डच पद्धतीची पावडर सोपी जाते. नैसर्गिक पावडरच घरात असेल तर अख्ख्या बरणीत पाव चमचा खाण्याचा सोडा घातला तरी तिची आंबट धार बोथट होते. याहून जास्त सोडा मात्र साबणासारखा लागतो. चरबीचं प्रमाणही पाहावं. स्वस्त पावडरीत ते १० ते १२ टक्के असतं, चांगल्या पावडरीत २० ते २२. पाण्यात करायच्या कोकोला या जादा चरबीने खरा भरीवपणा येतो. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये आणि आता बहुतेक शहरांत बेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानांत दोन्ही प्रकार सुटे मिळतात. भाव मात्र जपून विचारावा. २०२४ साली आयव्हरी कोस्ट आणि घाना इथलं पीक हातचं गेल्यामुळे, आणि जगातला निम्म्याहून जास्त कोको तिथूनच येत असल्यामुळे, एरवी टनाला दोन-तीन हजार डॉलरच्या घरात असणारा भाव दहा हजारांच्या पुढे गेला होता आणि वर्षाच्या शेवटी बारा हजारही ओलांडून गेला.

आता मिश्रणाकडे वळू. कोको पावडर थेट गरम पाण्यात टाकून पाहिलेल्या प्रत्येकाला गुठळ्या ठाऊक आहेत. कपभर पाण्यात चमचा फिरवत राहावं आणि त्या वर तरंगत राहाव्यात. दाबून फोडल्या तर आत कोरडी धूळ. यामागे दोन कारणं आहेत. कोकोच्या प्रत्येक कणावर चरबीचा पातळ थर असतो, म्हणून पाणी त्याला लवकर भिजवत नाही. शिवाय कोकोत स्वतःचा थोडा स्टार्च असतो. गरम पाणी लागताच गुठळीच्या बाहेरच्या बाजूचा स्टार्च फुगतो, चिकट कवच तयार होतं आणि आत पाणी शिरायची वाटच बंद होते. पाणी जितकं उकळतं, तितकं हे कवच झटपट धरतं.

कारखान्यात यावर दोन उपाय करतात. कणांवर सोयाबीनमधून काढलेलं लेसिथिन लावतात, म्हणजे चरबीची आणि पाण्याची गाठ पडते. आणि पावडरीवर वाफ सोडून बारीक कणांचे जाळीदार दाणे बनवतात. त्या दाण्यांच्या फटींतून पाणी क्षणात आत ओढलं जातं. म्हणून बाजारातली झटपट पावडर बोटांना रवाळ लागते. घरी या दोन्ही गोष्टी जमण्यासारख्या नाहीत, पण त्यांची गरजही नाही. कोकोचे कण साखरेच्या आणि दुधाच्या पावडरीच्या कणांमध्ये विखुरले की एकमेकांना चिकटायला ते जवळच येत नाहीत. साखर विरघळते आणि कोकोला सुटं करत जाते. उरलासुरला बंदोबस्त कप भरताना करायचा: आधी दोन-तीन चमचे कोमट पाण्यात मिश्रणाची दाटसर पेस्ट करायची, ती गुळगुळीत झाली की बाकीचं गरम पाणी किंवा दूध ओतायचं. आजवरच्या सगळ्या चांगल्या कृतींत ही पायरी असते, आणि घाईत नेमकी तीच गाळली जाते.

प्रमाण वजनात दिलेलं बरं, कारण कोको आणि दुधाची पावडर कपात कशी भरली यावर त्यांचं माप फार बदलतं. १०० ग्रॅम कोको पावडर, १२० ग्रॅम पिठीसाखर, २५० ग्रॅम सायीच्या दुधाची पावडर, १५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर आणि अर्धा चहाचा चमचा मीठ. सगळं एकत्र मैद्याच्या चाळणीतून दोनदा चाळायचं. चाळणीत राहिलेले कोकोचे खडे बोटाने फोडून परत चाळायचे. ते तसेच गेले तर कपात त्यांच्याच गुठळ्या होतात. हे मिश्रण अर्ध्या किलोला थोडं कमी भरतं. एका कपाला, म्हणजे १८० मिलिलिटर गरम पाण्याला, ३५ ग्रॅम लागतं. घरचे मोठे चार चमचे धरले तर साधारण तेवढंच होतं, पण पहिल्या वेळी काट्यावर मोजून आपला चमचा ओळखून ठेवावा. बरणीत चौदा कप झाले. कपामागे साखर साडेआठ ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची दिवसाची इष्ट मर्यादा सुमारे २५ ग्रॅम सांगितली आहे. दुधातली नैसर्गिक साखर तिच्यात मोजत नाहीत. त्या हिशेबात हा कप बसतो. ज्यांना कडवट चव आवडते त्यांनी साखर ८० ग्रॅमवर आणावी. त्याच्या खाली गेलं तर मात्र पाण्यातल्या कोकोला तग धरवत नाही, तो दुधातच करावा.

यातल्या प्रत्येक जिनसेबद्दल थोडं बोलायला हवं, कारण बिघडतं ते इथेच.

दुधाची पावडर घेताना डबा नीट वाचावा. आपल्याकडे चहा-कॉफीसाठी विकलं जाणारं ‘डेअरी व्हाइटनर’ आणि निव्वळ दुधाची पावडर एकाच फळीवर शेजारी ठेवलेली असतात. व्हाइटनरमध्ये आधीच साखर असते. ते वापरलं आणि वर १२० ग्रॅम पिठीसाखर घातली, की मिश्रण गोडमिट्ट होतं. सायीच्या दुधाच्या पावडरीत सुमारे २६ टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे पाण्यात केलेला कोकोही दुधातल्यासारखा लागतो. पण तीच चरबी काही महिन्यांनी खवट होते. साय काढलेल्या दुधाची पावडर जास्त टिकते आणि चवीला पातळ पडते. दोन महिन्यांत संपणार असेल तर सायीची, भेट म्हणून लांब पाठवायची असेल तर साय काढलेल्या दुधाची, असा साधा निवाडा करता येतो.

पिठीसाखर घरी दळली तर उत्तमच. अमेरिकेतल्या जुन्या कृती आपल्याकडे जशाच्या तशा उतरवताना एक घोटाळा होतो: तिथल्या तयार पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून तीनेक टक्के कॉर्नस्टार्च घातलेला असतो. तिथला कोको त्यामुळे किंचित दाट लागतो. घरच्या मिक्सरमध्ये दळलेल्या साखरेत तो नसतो, म्हणून वरच्या प्रमाणात कॉर्नफ्लोअर वेगळं घेतलं आहे. पण कॉर्नफ्लोअर कपात नुसतं पाणी ओतून दाटपणा देत नाही. त्याचे कण साठ-सत्तर अंशांवर फुगायला लागतात, आणि थंड कपात ओतल्यावर पाणी तेवढं तापलेलं टिकत नाही. इटलीत मिळणारा चमच्याने खाण्याइतका दाट कोको हवा असेल, तर मिश्रण पातेल्यात घेऊन मंद आचेवर एक-दोन मिनिटं ढवळत उकळी आणावी. फक्त कपातच करायचा असेल तर कॉर्नफ्लोअर सरळ वगळावं. कच्च्या पिठाची चव लागण्यापेक्षा पातळ कोको चांगला. आणि एक लक्षात ठेवावं: कोको पाण्यात विरघळत नाही, तो तरंगत राहतो. तळाशी थोडा गाळ बसणं हा कृतीचा दोष नाही. प्यायला घेताना चमचा कपातच ठेवावा.

मीठ अनेकांना खटकतं. पण सोडियम जिभेला जाणवणारा कडवटपणा दाबतो आणि त्यामुळे गोडी पुढे येते. १९९७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी हे दाखवून दिलं होतं. मीठ नसेल तर तीच गोडी आणायला जास्त साखर लागते.

गुळाची पावडर घालावी का, हा मराठी स्वयंपाकघरात हमखास येणारा प्रश्न. चव सुरेख लागते, पण दोन अडचणी आहेत. गूळ हवेतला ओलावा ओढतो, त्यामुळे बरणीतलं मिश्रण लवकर सादळतं. आणि गुळाने दूध फाटायची भीती असते, हे गुळाचा चहा करणाऱ्यांना सांगायला नको. नैसर्गिक कोकोही आंबट, म्हणजे धोका दुप्पट. म्हणून मिश्रण बिनसाखरेचं करावं आणि गूळ कपात, आचेवरून उतरवल्यावर घालावा. कॉर्नफ्लोअरऐवजी नाचणीचं सत्त्व मात्र बेलाशक वापरावं. ते शिजवावंच लागतं, पण कोकोच्या रंगात मिसळून जातं आणि त्याची मातकट चव कोकोला शोभते. मेक्सिकोत हे आधीच सिद्ध झालेलं आहे. तिथे मक्याचं पीठ शिजवून त्यात चॉकलेट आणि दालचिनी घालून ‘चांपुर्रादो’ नावाचं दाट पेय करतात आणि थंडीतल्या सकाळी ते रस्त्यावरच्या गाड्यांवर विकलं जातं.

मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा अनुभव इथे कुणाहीपेक्षा जुना. स्पॅनिश लोक तिथे पोचण्याच्या कितीतरी शतकं आधीपासून माया लोक कोको पीत होते, आणि तेव्हाही त्यांचं सगळं लक्ष फेसावर असे. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून धार धरून ते तो फेस उठवत. वसाहतीच्या काळात त्या जागी ‘मोलिनियो’ आलं: लाकडी दांडा, खाली कोरीव गोंडा, दोन तळहातांत धरून गरगर फिरवायचं. आपल्याकडच्या ताकाच्या रवीची ही सख्खी बहीण. ज्या घरात रवी अजून खुंटीला आहे, तिथे हे साधन विकत आणायची गरज नाही. फेसाचा उपयोग दिसण्यापुरता नसतो. दूध तापवून ठेवलं की वर साय धरते, आणि कोकोच्या कपात ती ओठाला लागलेली मुलांना मुळीच खपत नाही. घुसळून फेस आणला की हवेचे बुडबुडे पृष्ठभाग सैल ठेवतात आणि सायीचा सलग पापुद्रा जमत नाही.

मेक्सिकोच्या चॉकलेटात जी दालचिनी पडते ती नाजूक, कागदासारख्या थरांची, सिलोनी जातीची. तीच जात कोकणात वाढते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तिचं ‘कोकण तेज’ हे वाण काढलं आहे, आणि जायफळाची ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ ही वाणंही तिथलीच. बाजारात दालचिनी म्हणून बहुधा जाड, कडक सालीचा कॅसिया मिळतो. त्याची चव तिखट असते आणि तो कोकोवर मात करतो. कोकणातून येणाऱ्या कुणाकडून पातळ सालीची दालचिनी मिळाली तर तीच दळावी आणि वरच्या प्रमाणाला अर्धा चमचा घालावी. जायफळ मात्र बरणीत घालू नये. किसलेल्या जायफळाचा वास काही दिवसांत उडतो. अख्खं जायफळ बरणीशेजारी ठेवावं आणि कप भरला की वर दोनदा किसावं, कोजागिरीच्या दुधावर घालतो तसंच. वेलदोड्याबद्दल मतभेद होतील, पण तो कोकोला झाकून टाकतो. दोहोंपैकी एकच निवडायचा तर जायफळ निवडावं. किंचित लाल तिखट घालण्याची पद्धत मूळची मेक्सिकोकडचीच आणि चवीला पक्की. चिमटीच्या टोकाला येईल तेवढंच तिखट, ब्याडगीचं घेतलं तर जळजळीशिवाय ऊब येते.

ऊब या शब्दावर मात्र थोडा हिशेब करायला हवा. ६० अंश तापमानाचं २०० मिलिलिटर पेय पोटात गेलं तर ते अंगाच्या तापमानाला येईपर्यंत शरीराला सुमारे ५ किलोकॅलरी उष्णता मिळते. साठ किलो वजनाच्या माणसाचं तापमान तेवढ्याने जेमतेम एक दशांश अंश वाढेल. त्याच कपातलं दूध, साखर आणि कोको पचून मिळणारी ऊर्जा दीडशे किलोकॅलरींच्या आसपास, म्हणजे तीसपट. खरी ऊब या इंधनाची. कपाला धरलेल्या हातांना मिळणारा शेक हा वरचा लाभ. दक्षिण ध्रुवावर निघालेल्या रॉबर्ट स्कॉट यांच्या १९११-१२च्या तुकडीला हे ठाऊक होतं. ध्रुवाच्या पठारावर माणशी रोजच्या शिध्यात बिस्किटं, वाळवलेलं मांस, लोणी, साखर आणि चहाबरोबर १६ ग्रॅम कोको धरलेला होता. स्लेजवर ओढून न्यायच्या सामानात एकेक ग्रॅम मोजून घेतलेला असताना कोकोला जागा मिळाली, कारण वितळवलेल्या बर्फात तो सहज कालवता येई आणि रात्रीच्या मांसाच्या पातळ कालवणानंतर गोड, गरम असं तेच हाती लागे. त्या मोहिमेला कोको ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने पुरवला होता.

ज्यांना झोपेची काळजी आहे त्यांच्यासाठी एक आकडा: या प्रमाणातल्या एका कपात कॅफीन वीस मिलिग्रॅमहून कमी असतं, कॉफीच्या कपाच्या मानाने फारच थोडं. कोकोत थिओब्रोमीन नावाचं त्याचं भावंड अधिक असतं. माणसाला ते सहज पचतं, कुत्र्याला नाही. कुत्र्यांच्या शरीरात त्याचा निचरा फार सावकाश होतो आणि कोको पावडरीत ते दुधाळ चॉकलेटपेक्षा कितीतरी जास्त असतं. घरात कुत्रा असेल तर बरणी वरच्या फळीवर हवी.

फळीवर ठेवायची ती घट्ट झाकणाची, पूर्ण कोरडी बरणी. दुधाची पावडर फवारा मारून वाळवलेली असते, आणि या पद्धतीत तिच्यातल्या दुधसाखरेला स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही. पुढे हवेतला ओलावा लागला की ती साखर तो शोषते, चिकट होते आणि मग स्फटिक होत जाऊन सगळ्याचा दगड बनवते. मुंबईत किंवा रत्नागिरीत डिसेंबरातही हवा पुरेशी दमट असते. निफाडला, जिथे थंडीत पारा एक आकड्यावर येतो, तिथे हीच बरणी जास्त दिवस मोकळी राहील. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी एकच मोठी बरणी भरण्यापेक्षा तीन लहान भराव्यात आणि एकेक उघडावी. ओला चमचा आत जाता कामा नये, आणि उकळत्या पातेल्यावर बरणी धरून मिश्रण ओतू नये, कारण वाफ थेट आत जाते. मिश्रण सादळलं पण वास स्वच्छ असेल तर गोळा मिक्सरमध्ये फिरवून घ्यावा. जुन्या तेलासारखा वास आला तर चरबी खवट झाली. ते टाकूनच द्यावं. भेट म्हणून देताना चिठ्ठीवर कृतीबरोबर भरल्याची तारीख आणि दुधाच्या पावडरीचा प्रकार लिहावा. ज्याला दूध पचत नाही त्याला त्याचा उपयोग होतो, आणि अशांसाठी नारळाच्या दुधाची पावडर घालून वेगळी छोटी बरणी करता येते. ती करताना पावडरीचं वेष्टन वाचावं, कारण काही प्रकारांत दुधातलं प्रथिन घातलेलं असतं.

कप तयार झाल्यावर मुलांना एक प्रयोग दाखवता येतो. जाड चिनी मातीच्या कपात गरम पाणी घ्यायचं, मिश्रण टाकून भराभर ढवळायचं, आणि लगेच चमच्याच्या टोकाने कपाच्या तळाशी एकसारखं ठोकत राहायचं. आवाज आधी खोल येतो आणि मग ठोका तोच असताना चढत जातो, एकेक सूर वर. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक क्रॉफर्ड यांनी १९८२ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये याच्यावर अख्खा शोधनिबंध लिहिला आणि त्याला ‘हॉट चॉकलेट इफेक्ट’ हेच नाव दिलं. पावडरीबरोबर पाण्यात असंख्य बारीक बुडबुडे शिरतात. हवा सहज दबते, म्हणून बुडबुड्यांनी भरलेल्या पाण्यात ध्वनीचा वेग बराच कमी होतो आणि सूर उतरतो. बुडबुडे वर जाऊन फुटू लागले की वेग पूर्ववत होतो आणि सूर चढतो. पुन्हा ढवळलं की आवाज पुन्हा खाली उतरतो, पण दर खेपेला कमी, कारण पाण्यातली हवा संपत आलेली असते. तोवर कोकोही पिण्याजोगा झालेला असतो.